उकिरडा आणि ढोली

माडाची नवी झावळी उलगडते आणि तिच्या पात्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या बागायतदाराला पुढचे काही सांगावे लागत नाही. गेंड्या भुंगा शेंड्यात शिरून गेला, हे त्याला लगेच कळते. भुंगा शिरला तेव्हा ही झावळी शेंड्यातल्या सुळक्यात घडीवर घडी घालून मिटलेली होती. त्याने आरपार एक भोक पाडले आणि घड्या उलगडल्यावर तेच भोक पात्यांवर ओळीने उमटले. दुमडलेल्या कागदाला एकदाच कात्री लावावी, तसे. तीन ते पाच सेंटीमीटर लांबीचा, काळा, चकचकीत असा हा किडा. नराच्या डोक्यावर मागे वळलेले शिंग असते, मादीचे त्याहून आखूड. शेंड्यातला कोवळा गाभा तो कुरतडतो, पण खरा रस त्याला त्यातल्या पाण्यात असतो. रस पिऊन झाला की चावलेला चोथा तो भोकाबाहेर ढकलतो आणि त्या ओल्या चोथ्यावरूनच तो आत असल्याचे ओळखता येते. माडावर चढून लोखंडी आकडीने त्याला ओढून काढणे हा जुना उपाय आजही चालू आहे. ओरिक्टेस ऱ्हायनोसेरॉस हे त्याचे शास्त्रीय नाव. दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या माडांच्या किनाऱ्यावर तो इतका सर्रास सापडतो की कुणी त्याची गणती करायला जात नाही.

मादागास्करच्या पूर्वेला हिंदी महासागरात मॉरिशस बेट आहे. तिथल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या डोंगरी जंगलात एक हिरवा पोपट राहतो. इंग्रजीत तो इको पॅराकीट, तिथल्या क्रिओल बोलीत कातो व्हेर. आपल्या राघूचा तो जवळचा नातलग आहे, पण अंगाने अधिक भरलेला, रंगाने गडद पाचूसारखा, शेपूट आखूड आणि रुंद. नराची वरची चोच लाल, मादीची काळी. १९८०च्या दशकाच्या मध्यावर या जातीचे साऱ्या जगात माहीत असलेले पक्षी होते आठ ते बारा. त्याच्या शेजारच्या रियुनियन बेटावर राहणारा त्याचा भाऊबंद अठराव्या शतकातच संपला होता. रॉड्रिग्ज बेटावरचा न्यूटनचा पोपट १८७५नंतर कुणाच्या हाती लागला नाही. म्हणजे या बेटांवरच्या पोपटांच्या एका अख्ख्या घराण्याचा शेवटचा धागा तेवढा उरला होता. त्याआधीच्याच काही दशकांत गेंड्या भुंगा मॉरिशसवर पाय रोवत होता. १९६२मध्ये तो मॉरिशसमध्ये प्रथम आढळला आणि काही वर्षांत तिथल्या माडांचा मोठा शत्रू ठरला. हजारो वर्षे तिथेच राहिलेला पक्षी मरणाच्या दारात आणि काल आलेला किडा जोरात, हे एकाच बेटावर आणि एकाच पिढीच्या डोळ्यांसमोर घडले. म्हणून या दोघांची तुलना इथे मनाला वाटले म्हणून केलेली नाही. या दोघांना शेजारी ठेवले की 'मुबलक' आणि 'दुर्मीळ' या दोन शब्दांचा अर्थ तपासता येतो.

एखादी जात मुबलक का, असे विचारले की उत्तर देणारा सहसा त्या प्राण्याच्या अंगात गुण शोधतो. भुंगा चिवट, पोपट नाजूक. भुंगा वाटेल तिथे राहतो, पोपटाचे नखरे फार. भुंगा ढिगाने अंडी घालतो, पोपट मोजून तीन-चार. यातली प्रत्येक गोष्ट थोडीफार खरी आहे आणि तरीही एकीतूनही प्रश्नाचा उलगडा होत नाही. माझे म्हणणे असे आहे की प्राण्याच्या जीवनक्रमात जी जागा सर्वांत अरुंद असते, तिथे त्याची संख्या ठरते. बाकीचे सगळे कितीही मुबलक असो, त्या चिंचोळ्या वाटेतून जेवढे जीव पार होतात तेवढेच पुढे जातात. भुंगा आणि पोपट या दोघांची ती चिंचोळी वाट एकच आहे: पिल्ले वाढायची जागा. आणि दोघांचीही ती जागा, आश्चर्य वाटेल, कुजण्यातूनच तयार होते. फरक एवढाच की भुंग्याला लागणारी कुजकी जागा माणूस रोजच्या कामातून, मनात नसताना, तयार करत असतो. पोपटाला लागणारी जागा तो तशाच, मनात नसताना, नाहीशी करत असतो.

आधी भुंग्याची जागा पाहू. माडाचा शेंडा हे त्याचे जेवणघर. बाळंतघर दुसरीकडेच असते. मादी अंडी घालते ती शेणखताच्या खड्ड्यात, उकिरड्यात, कुजलेल्या पालापाचोळ्यात, लाकडाच्या भुश्यात, पडून सडत चाललेल्या माडाच्या खोडात. आठ-बारा दिवसांनी अंड्यातून पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तांबूस डोक्याची अळी निघते. खत उपसताना फावड्याबरोबर वर येणारी ती जाड हुमणी बऱ्याचदा याचीच असते. ती जिवंत झाडाला तोंडही लावत नाही. चार-सहा महिने ती निवांतपणे कुजके लाकूड नि शेण खात दोनदा कात टाकते, मग कोषात जाते आणि भुंगा होऊन माडाकडे उडते. आता विचार करा, या जीवाला वाढायला काय हवे? ऊब, ओल आणि सडके सेंद्रिय द्रव्य. गोठा असेल तिथे खताचा खड्डा आला. बाग असेल तिथे पालापाचोळा आला. जुने माड तोडून नवे लावले की बांधाला टाकलेले ओंडके आले. यातले काहीही भुंग्यासाठी कुणी करत नाही, पण शेती चालू आहे तोवर ते होतच राहते. १९०९मध्ये हा भुंगा सामोआ बेटांवर पोचला तो रबराच्या रोपांबरोबर, त्यांच्या मातीतून, असे मानले जाते. तेव्हापासून पॅसिफिक महासागराच्या बेटाबेटांवर तो माणसांच्या मालाबरोबर गेला आहे. २००७मध्ये ग्वाम, २०१३मध्ये हवाई. प्रवासाची सोय आणि उतरल्यावर राहण्याची सोय, दोन्ही त्याला तयार मिळाल्या.

पोपटाचे बाळंतघर म्हणजे ढोली. कसलीही ढोली चालत नाही. ती बेटावरच्या मूळ झाडाच्या, सहसा जमिनीपासून दहा-एक मीटर उंचीवर, आत निदान हातभर खोल आणि पाऊस न शिरणारी लागते. अशी ढोली होण्याची प्रक्रिया फार सावकाश चालते. वादळात एखादी जाडजूड फांदी मोडते, त्या जखमेतून बुरशी आत शिरते, बुरशीने मऊ केलेल्या लाकडात किड्यांच्या अळ्या उतरतात, गाभ्याचा भुगा होतो आणि बाहेरचे जिवंत लाकूड मात्र झाडाला उभे ठेवते. ज्याची फांदीच मांडीएवढी झालेली नाही अशा तरण्या झाडाला ढोली होत नाही. तीत पोपट मावेपर्यंत शतक उलटू शकते. डच लोक १५९८मध्ये मॉरिशसला उतरले तेव्हा बेट किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत जंगलाने भरलेले होते. त्यांनी तिथले काळे आबनूस तोडले. पुढे फ्रेंच आणि मग इंग्रजांच्या काळात उसासाठी सपाट जमीन साफ झाली. १८३४पासून त्या उसाच्या मळ्यांवर राबायला भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्या त्या मजुरांत कोकणातली अनेक कुटुंबे होती आणि मॉरिशसमध्ये आजही जी मराठी बोलली नि शिकवली जाते ती त्यांची. डोंगरावर जे जंगल उरले त्यातलाही काही भाग १९७०च्या दशकात पाइनच्या लागवडीसाठी तुटला. आज चांगल्या स्थितीतले मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेल्या जंगलात चिनी पेरूची झुडपे इतकी दाट माजली आहेत की मूळ झाडांची रोपे उन्हाअभावी वाढत नाहीत. म्हणजे आजच्या ढोल्या जातातच, उद्याच्या ढोल्या ज्या झाडांना व्हायच्या ती झाडेही उगवत नाहीत.

दोघांमधला हा फरक वादळात सर्वांत स्पष्ट दिसतो. हिंदी महासागरातली चक्रीवादळे दोन्ही किनाऱ्यांना नवी नाहीत. मॉरिशसला १९६०चे कॅरोल आणि १९७५चे जर्वेज लोक अजून विसरलेले नाहीत. रायगड-रत्नागिरीच्या लोकांच्या आठवणीत ३ जून २०२०चे निसर्ग आहे. त्या दिवशी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पडलेला माड भुंग्यासाठी अळ्यांचे घर होतो. म्हणून तर वादळानंतर पडलेली खोडे लवकर उचला, चिरा, जाळा असा सल्ला दिला जातो. २०१५मध्ये ग्वामवर डॉल्फिन नावाचे वादळ आले, माडांच्या पडझडीतून भुंग्यांना बाळंतघरांची रास मिळाली आणि तिथला उपद्रव भडकला. मॉरिशसच्या पोपटाला तसेच वादळ उलटे लागते. ढोलीचे झाड आतून पोकळ असल्याने तेच आधी पडते, फळे-फुले झडून जातात आणि हंगाम बुडतो. जंगल विस्तीर्ण होते तेव्हा एका खोऱ्यातली झाडे पडली तरी दुसऱ्या खोऱ्यात थारा होता, आणि आजच्या वादळात मोडलेली फांदी शंभर वर्षांनंतरच्या ढोलीचे बीज ठरत असे. पोपट अशा वादळांबरोबरच घडला. त्याला मारक ठरली ती वादळानंतर परतायला जागा न उरणे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मादी भुंगा आयुष्यात पन्नास ते शंभर अंडी घालते, पोपटाची जोडी वर्षाला दोन ते चार. एवढ्या फरकापुढे बाळंतघराची चर्चा कशाला? याला उत्तर इतिहास देतो. उत्तर अमेरिकेतला प्रवासी कबुतर हा पक्षी एका वेळी एकच अंडे घालत असे, तरीही त्याची संख्या अब्जांत होती. बहुधा पृथ्वीवरचा सर्वांत मुबलक पक्षी तोच. जंगले तुटली, विणीच्या जागी बंदुका नि जाळी पोचली आणि १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची शेवटची मादी मेली. त्याच खंडात रॉकी पर्वतातला टोळ होता. एकोणिसाव्या शतकात त्याच्या धाडींनी आकाश झाकले जाई आणि तोही ढिगाने अंडी घालत असे. तो टोळ १९०२नंतर जिवंत सापडलेला नाही. त्याच्या नाशाचे सर्वांत पटणारे कारण असे की धाड नसलेल्या वर्षांत तो डोंगरातल्या नद्यांच्या मोजक्या खोऱ्यांत अंडी घालून राहत असे आणि नेमकी ती खोरी वसाहतवाल्यांनी नांगरली, पाण्याखाली घातली, गुरांना चरायला दिली. आकाश झाकणारा जीव काही खोऱ्यांच्या चिंचोळ्या वाटेवर अवलंबून होता. अंडी किती यावरून एवढेच कळते की वाट मोकळी असली तर संख्या किती वेगाने चढेल. वाट मोकळी आहे का, हे अंड्यांवरून कळत नाही.

याची आणखी नीट परीक्षा घ्यायची तर जोडी उलटी करून पाहावी. भुंगा असून ढोलीवर अवलंबून असलेला जीव घ्यावा आणि पोपट असून माणसाच्या वस्तीत रमलेला. पहिला युरोपात आहे. ऑस्मोडर्मा एरेमिटा त्याचे नाव. एकटा राहतो म्हणून त्याला संन्यासी भुंगा म्हणतात. जुन्या ओकच्या पोकळ खोडात लाकडाचा जो तपकिरी, ओलसर भुगा साठतो त्यात त्याच्या अळ्या तीन-तीन वर्षे वाढतात. उन्हाळ्याच्या उबदार दुपारी नर ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो आणि त्याच्या अंगाला पिकल्या पीचसारखा वास सुटतो. नाक तयार असलेला माणूस त्या वासावरूनच झाड ओळखतो. एका झाडात त्याच्या पिढ्यानपिढ्या निघतात, कारण बरेचसे भुंगे जन्मले ते झाड कधीच सोडत नाहीत आणि सोडले तरी काहीशे मीटरच्या पलीकडे क्वचित जातात. त्याला किड्याची अंडी आहेत, किड्याचे कवच आहे, किड्याचा चिवटपणाही आहे. तरी जुनी झाडे गेली तसतसा तो खंडभर कमी होत गेला आणि १९९२च्या युरोपीय अधिवास निर्देशात त्याला कडक संरक्षण द्यावे लागले. जर्मनीत श्टुटगार्टच्या रेल्वे प्रकल्पाला बागेतल्या ज्या झाडांपाशी अडखळावे लागले, त्या झाडांच्या पोटात हाच भुंगा होता. जीव किड्याचा, पण त्याची चिंचोळी वाट इको पॅराकीटचीच.

उलट बाजूला आपला राघू. तोही पोपटच, अंडी घालतो तीही जवळपास तेवढीच, चोचही तसलीच. पण १८८६च्या सुमाराला पिंजऱ्यातून सुटून तो मॉरिशसच्या मोकळ्या हवेत गेला आणि आज तिथे मोठ्या संख्येने आहे. लंडनच्या बागांतूनही त्याचे थवे ओरडत फिरतात. कुणी म्हणेल, राघूही ढोलीतच घरटे करतो, मग ढोलीचा मुद्दा टिकतो कसा? टिकतो, कारण राघूला ढोली म्हणजे नुसते भोक पुरते. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाचे, पडक्या तटबंदीचे, जुन्या वाड्याच्या भिंतीतले, सुतारपक्ष्याने सोडलेले. अशी भोके गावे आणि शहरे भरभरून देतात. खायलाही त्याला ज्वारीचे कणीस, पेरू, भुईमूग सगळे चालते. इको पॅराकीटचे जेवण बेटाच्या मूळ झाडांची फळे, फुले, पाने नि साल. (राघू मुबलक म्हणून त्याला पिंजऱ्यात ठेवायला हरकत नाही असे अनेकांना वाटते; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे, आणि बाजारात येणारी पिल्ले ढोल्यांतूनच काढलेली असतात.) भुंगा आणि राघू यांच्यात शरीराचे काहीही साम्य नाही, पण माणसाशी असलेले त्यांचे नाते सारखे आहे. संन्यासी भुंगा आणि इको पॅराकीट यांचेही तसेच. तेव्हा मुबलकपणा किंवा दुर्मीळपणा प्राण्याच्या कुळावरून ओळखायला जाणे चूक ठरते.

मॉरिशसच्या गोष्टीत आणखी एक दुवा आहे. जीवशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही तो सोडवणार नाही. १९६३मध्ये आलोईस हुगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलेशियात गेंड्या भुंग्याचा एक विषाणू सापडला. विषाणू लागलेला प्रौढ भुंगा लगेच मरत नाही. त्याचे आतडे बिघडते, खाणे तुटते, अंडी कमी होतात, आयुष्य आखडते, आणि तोवर मीलनातून नि खताच्या ढिगातून तो इतरांना लागण देत राहतो. १९६७मध्ये सामोआत आणि १९७०मध्ये मॉरिशसमध्ये तो मुद्दाम सोडण्यात आला. माडांचे नुकसान खरोखरच पुष्कळ घटले. भुंगा मात्र संपला नाही. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, २००५च्या सुमाराला, त्याच बेटावर इको पॅराकीटमध्ये चोच आणि पिसांचा विषाणूजन्य रोग पसरला. या रोगात पिसे झडतात, वेडीवाकडी उगवतात, चोच बिघडते, प्रतिकारशक्ती खालावते आणि पिल्ले मरतात. तोच विषाणू बेटावरच्या राघूंमध्येही आढळला. पक्षी इतके थोडे की जिवंत राहिलेल्या मोजक्या जोड्यांवर पुढचे सगळे अवलंबून होते. दोन्ही साथी विषाणूच्याच. भुंग्याच्या बाबतीत तो माणसाने हेतूने पेरला आणि तरी ढिगाऱ्यातून नवे भुंगे निघतच राहिले. पोपटाच्या बाबतीत माणसाने आणलेल्या पाहुण्याचा त्यात हात असल्याचा संशय, आणि त्याने अख्खी जात टांगणीला लावली. ग्वामवर पोचलेले भुंग्याचे वाण तर असे आहे की ज्याला तो जुना विषाणू फारसा बाधत नाही. ज्याचे बाळंतघर जागोजागी आहे त्याला एखादा रोग सोसून पुन्हा उभे राहायला अवधी मिळतो.

मग आठ-बारा पक्षी सातशेच्या वर गेले कसे? इथे नुसते 'संवर्धन' म्हणून पुढे जाणे अन्याय होईल, कारण त्या शब्दामागे वर्षानुवर्षे झाडावर चढलेली माणसे आहेत. वेल्सचे कार्ल जोन्स १९७९मध्ये मॉरिशसला गेले. त्यांच्याबरोबर मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचे आणि तिथल्या सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचे लोक कामाला लागले. पोपटाची जोडी दोन ते चार अंडी घालते, पण जंगलात खायला पुरत नसल्याने सहसा एखाद-दुसरेच पिल्लू उडते. शेवटी निघालेले उपाशी मरते. या लोकांनी दोरावरून ढोलीपर्यंत चढून ते मरणाऱ्या वाटेवरचे पिल्लू उचलले आणि ज्या जोडीचे घरटे फसले तिच्याकडे दिले किंवा हाताने वाढवले. ढोलीत एका माशीच्या अळ्या पिल्लांचे रक्त शोषत. ढोलीच्या तळाचा भुगा बदलून त्यावर औषध टाकले. उंदीर आणि माकडे वर चढू नयेत म्हणून खोडाला गुळगुळीत पत्रे गुंडाळले. पाणी शिरणाऱ्या ढोल्यांच्या फटी बुजवल्या, तोंडे नीट केली, आणि लाकडी पेट्या टांगल्या. १९९७पासून पिंजऱ्यात वाढवलेले शंभराहून जास्त पक्षी टप्प्याटप्प्याने सोडले. ते खाण्याच्या भांड्यावर नि पेट्यांत यायला शिकलेले होते, त्यांच्याकडून रानातले पक्षीही शिकले. २००७मध्ये या जातीची श्रेणी 'अतिसंकटग्रस्त'वरून एक पायरी खाली आली, २०१९मध्ये आणखी एक. हे सगळे उपाय एकापुढे एक ठेवून पाहिले तर जवळजवळ प्रत्येक उपाय बाळंतघराचा आहे. प्रौढ पोपटाला चिवट करण्याचा प्रयत्न कुणी केला नाही. चिंचोळी वाट रुंद केली, एवढेच. आणि नाजूक समजला गेलेला पक्षी तीस-पस्तीस वर्षांत पन्नासपटीहून अधिक झाला.

यावर चतुर वाचक म्हणेल की मग हा पोपटही आता भुंग्यासारखाच झाला. भुंगा माणसाच्या उकिरड्यात वाढतो, पोपट माणसाच्या पेटीत; दोघेही आपल्याच आधारावर. आक्षेपात तथ्य आहे. पण दोन आधारांतला फरक मोठा आहे. उकिरडा करायला कुणाला इच्छा लागत नाही, अंदाजपत्रक लागत नाही, आठवण ठेवावी लागत नाही. पेटीला हे सगळे लागते. एका वर्षी निधी आला नाही किंवा चढणारा माणूस आला नाही, तर पेटीत पाणी साचते, माशी बसते, साळुंकी आत शिरते. (ही साळुंकीही आपल्याकडचीच, टोळ खावेत म्हणून तिला १७६२मध्ये भारतातून मॉरिशसला नेले होते.) आपला निष्काळजीपणा अखंड चालतो म्हणून त्यावर जगणारी जात मुबलक असते, आपली काळजी अधूनमधून खंडित होते म्हणून तिच्यावर जगणारी जात सातशेवर पोचली तरी संकटातच मोजावी लागते. श्रेणी ठरवताना नुसता आकडा पुरत नाही, तो आकडा कशावर उभा आहे हे पाहावे लागते, ते यासाठी.

शेवटचा आक्षेप बहुधा सर्वांत जास्त ऐकू येतो: जाती येतात, जाती जातात, निसर्गानेच निवडलेल्या भुंग्याच्या बाजूने आपण का उभे राहू नये, आणि एका पोपटावर एवढा पैसा का ओतावा? पहिल्या भागाचे उत्तर वर आलेच आहे. मॉरिशसवर निवड केली ती कुऱ्हाडीने, उसाने, चिनी पेरूने नि जहाजाच्या मालाने. तिला निसर्गाचे नाव देणे म्हणजे हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे. पैशाच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या चिनी पेरूच्या झुडपात दिसते. पोपटासाठी जंगलाचे जे तुकडे कुंपण घालून हाताने निंदले जातात, त्यांत आबनुसाची आणि इतर मूळ झाडांची रोपे वर येतात. त्या झाडांवर ज्यांचे पोट आहे अशा गोगलगायी, किडे, सरडे, वटवाघळे, ज्यांच्यासाठी कुणी वेगळा निधी मागणार नाही, ती सगळी त्याच कुंपणाच्या आत वाचतात. जगात भुंग्यांच्या सुमारे चार लाख जातींना नावे मिळाली आहेत. पोपटांच्या जाती चारशेच्या आसपास. पोपटाच्या बहुतेक प्रत्येक जातीचे बरे-वाईट आपल्याला ठाऊक असते, भुंग्यांच्या फार थोड्या जातींची तपासणी कुणी केली आहे. 'भुंगे काय, सगळीकडे असतात' असे आपण म्हणतो ते खतात सापडणाऱ्या दोन-चार जाती पाहून. जुन्या झाडांच्या पोटातले भुंगे झाडांबरोबर निघून जातात आणि त्यांच्या नावाची नोंदही मागे राहत नाही. रंगीत, ओरडणारा, दिसणारा पोपट त्या न दिसणाऱ्यांची ढोली राखून ठेवतो.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेसला १९९४मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथे तेव्हा लावलेल्या रोपाचे खोड अजून मनगटाएवढेही झाले नसेल. आबनूस फार हळू वाढतो. त्याला फांदी फुटून ती मोडावी, जखमेत बुरशी उतरावी, गाभ्याचा भुगा व्हावा आणि त्या भुग्यावर एखाद्या मादीने तीन पांढरी अंडी घालावीत, यासाठी अजून शंभर पावसाळे तरी जावे लागतील. तोवर दरवर्षी ऑगस्टच्या आधी, विणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत, कुणीतरी दोर खांद्यावर टाकून झाडाखाली येणार, पेटीचे झाकण उघडून गेल्या सालचा भुगा खाली पाडणार, कोरडा भुगा भरणार आणि बिजागरी नीट बसली का ते हलवून पाहणार.